संध्याकाळच्या आगबोटीपर्यंत

आगबोटीचं चाक उलटं फिरू लागतं, काठाशी पांढरा फेस चढतो आणि दोर टाकणारा माणूस ओरडतो, ‘वेग्गिस!’ फळी लागते. तुम्ही उतरता. पायाखालचा लाकडी धक्का जरासा डुलतो आणि थांबतो.

तारीख १४ ऑगस्ट १८९७, वार शनिवार. बोट फिट्सनाउच्या दिशेनं निघून जाते. तिच्या लाटा एकामागून एक काठावर येऊन विरतात, आणि मग जी शांतता उरते ती आधी कान देऊन ऐका. मोटार नाही, रेल्वे नाही. पाणी दगडांना लागून मागे सरतं, वर कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजते, हॉटेलच्या बागेत कुणी तरी खडीवरून खुर्ची ओढतं. हमाल तुमची पेटी उचलून चालू लागतो. तुम्ही मात्र लगेच त्याच्यामागे जाऊ नका. घटकाभर इथेच उभे राहा.

समोरच्या तळ्याला एक आकार नाही. झोपेत हातपाय फेकलेल्या पोरासारखं ते डोंगरांच्या मधून जागा मिळेल तिकडे पसरलं आहे. आपण त्याला ल्युसर्नचं तळं म्हणतो. इथली माणसं त्याला चार वनप्रांतांचं तळं म्हणतात, कारण उरी, श्वीत्स, उंटरवाल्डन आणि ल्युसर्न हे चारही प्रांत त्याच्या काठाला येऊन टेकतात. क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी २१४ मीटर पाणी. वेग्गिसच्या पाठीशी रिगी पर्वत उभा आहे आणि गावाचं तोंड दक्षिणेला. उत्तरेचा बोचरा वारा रिगीवरच अडतो. उन्हाळाभर तापलेलं पाणी हिवाळ्यात ती ऊब थोडी थोडी परत देत राहतं. म्हणून बर्फाच्या शिखरांच्या नजरेच्या टप्प्यात असूनही इथे अंजीर पिकतं, गोड चेस्टनटची झाडं वाढतात, आणि ल्युसर्नच्या बाजारात इथल्या मळ्यांतली भाजी जाते. ऊन हेच या गावाचं भांडवल.

हॉटेलच्या दारात बोटींचं वेळापत्रक टांगलेलं असतं. सकाळी पाहुणे चहा-कॉफीच्या आधी त्याच्यासमोर उभे राहतात. इथे मुक्काम करायचा तो रोज सकाळी कुठे तरी निघून जाण्यासाठी, आणि संध्याकाळच्या बोटीनं याच धक्क्यावर परत येण्यासाठी. माहेरी आलेली लेक अशीच दिवसभर आप्तांकडे हिंडते आणि दिवेलागणीला घरी परतते.

हमालाच्या मागे चालताना तळ्यापासून थोडं वर एक घर लागेल. व्हिला ब्यूलेग. तिथल्या झाडांखाली पिकलेल्या, विस्कटलेल्या केसांचे, दाट मिशांचे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ बसलेले दिसले तर ओळख दाखवू नका. सॅम्युअल क्लेमेन्स त्यांचं नाव. जग त्यांना मार्क ट्वेन म्हणतं. पत्नी ऑलिव्हिया आणि क्लारा व जीन या दोन मुलींसह ते जुलैपासून इथे राहताहेत. तुम्ही सव्वाशे वर्षांपलीकडून आला आहात. त्यांना ठाऊक नसलेलं बरंच काही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच अंतर राखून वागायची जबाबदारी तुमची.

मराठी माणसाला त्यांच्याबद्दल एक जवळीक वाटणं साहजिक आहे. गेल्याच वर्षी, १८९६ च्या जानेवारीत, ते मुंबईत होते, वॉटसन्स हॉटेलात. प्रकाशनाचा धंदा बुडाल्यावर देणेकऱ्यांची पै न् पै फेडायची म्हणून त्यांनी जगभर व्याख्यानांचा दौरा काढला होता. मुंबईच्या रंगांनी ते अक्षरशः दिपून गेले, आणि तिथल्या कावळ्यांवर त्यांनी मन लावून लिहिलं. ते प्रवासवर्णन या नोव्हेंबरात प्रसिद्ध होणार आहे. पण त्या दौऱ्याच्या अखेरीला जे घडलं ते त्या पुस्तकात नाही. ते इथे आहे, या झाडांखाली.

रविवारी, १५ ऑगस्टला, पहाटेपासून घंटा वाजत राहतात. मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण आहे आणि हा काठ कॅथलिक. बायका काळ्या पोशाखात, हातात प्रार्थनेची पुस्तकं घेऊन चर्चकडे निघतात. तुम्ही बोटीनं ल्युसर्नला जा. जुन्या लाकडी पुलावरून चाला, छताखालची रंगवलेली चित्रं मान वर करून पाहा, पण दुपार राखून ठेवा ती सिंहासाठी.

शहराच्या कडेला वालुकाश्माचा एक कडा आहे. त्यातच सिंह कोरला आहे. दहा मीटर लांबीचा, मरणाला टेकलेला. कुशीत भाल्याचं मोडकं टोक रुतलंय, पंजा फ्रान्सच्या राजचिन्हाच्या ढालीवर पडलाय. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यात फ्रान्सच्या राजासाठी लढताना जे स्विस शिपाई मारले गेले त्यांचं हे स्मारक. आराखडा डेन्मार्कच्या थोरवाल्डसनचा, कोरणारा लुकास आहोर्न, आणि साल १८२१. खाली लहानसं तळं आहे, वरून झाडांची सावली पडते. सहलीला आलेली माणसं बोलत बोलत इथवर येतात आणि एकेक करून गप्प होतात. परक्या राजासाठी पगारावर मेलेल्या पोरांचं दुःख दगडाला एवढं कळावं, हे पाहून तुमच्याही घशाशी काही तरी येतं. पूर्वी इथे आलेले ट्वेनही या सिंहापाशी हेलावले होते, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

याच काठावर बरोबर एक वर्षापूर्वी, १८९६ च्या ऑगस्टात, स्वामी विवेकानंद येऊन गेले. आल्प्समधल्या त्या भ्रमंतीत हिमालयात एखादा आश्रम असावा हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला, आणि १८९९ मध्ये मायावतीला तो उभा राहिला.

परतीच्या बोटीत डाव्या हाताला रिगी आणि पाठीमागे पिलाटस. पिलाटस काळा, कातळांचा, टोकदार. येशूला सुळावर चढवण्याची आज्ञा देणाऱ्या पिलाताचं भूत त्याच्या माथ्याजवळच्या डबक्यात राहतं, त्याला डिवचलं की वादळ उठतं, अशी समजूत होती. तिकडे चढायलाच बंदी होती, आणि १३८७ मध्ये ती मोडणाऱ्या सहा धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं होतं. १५८५ मध्ये ल्युसर्नच्या एका पाद्र्यानं लोकांना बरोबर नेलं, डबक्यात दगड मारले, आणि काहीही झालं नाही. आता तिथे ४८ टक्के चढाची रेल्वे जाते. १८८९ पासून. एवढ्या उभ्या चढावर दाते रुळातून निसटतील म्हणून एदुआर्द लोखर या अभियंत्यानं दातेरी पट्टी दोन्ही बाजूंनी कातली आणि तिला चिमट्यासारखी दोन आडवी चाकं लावली. पण पिलाटसला पुढच्या खेपेला जा. तुमच्याकडे दिवस कमी आहेत, आणि वेग्गिसला उतरलेल्यानं पाठीशी असलेल्या डोंगराला आधी भेटावं.

सोमवार. सकाळची बोट फिट्सनाउला नेते. धक्क्याला लागूनच रेल्वेचं ठाणं आहे. गाडीत बसायच्या आधी रुळांपाशी वाका. दोन रुळांच्या मधोमध लोखंडाची एक लांबच लांब शिडी आडवी टाकली आहे. तिच्या पायऱ्या झिजून चकचकीत झाल्या आहेत, वर वंगणाचा काळा थर आहे आणि त्यात कालच्या गाडीनं उडवलेली गवताची काडी चिकटली आहे. इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक या पायऱ्यांत एकेक दात रोवत वर चढतं. निकलाउस रिगेनबाख यांची ही कल्पना. युरोपातली ही अशी पहिली पर्वतीय रेल्वे २१ मे १८७१ रोजी सुरू झाली.

आपल्या बोरघाटाशी ताडून पाहा म्हणजे याचं मोल कळेल. बोरघाटात साध्या चाकांच्या गाडीला सदतीस फूट जावं तेव्हा एक फूट चढता येतं. त्यातही खंडाळ्याजवळ गाडीचं तोंड फिरवावं लागे. इथे चार फुटांमागे एक फूट चढ आहे. नुसतं चाक घसरून जाईल, शिडीच हवी. रिगेनबाख यांच्या हाताखाली घडलेल्या रोमान आब्ट यांनी पुढे आपली वेगळी दातेरी पद्धत काढली. तुम्ही इथे उभे आहात तेव्हा निलगिरीच्या उतारावर तीच पद्धत वापरून काम चाललं आहे. कुन्नूरपर्यंतची गाडी १८९९ मध्ये सुरू होईल.

इंजिन डब्याच्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला असतं. ते ओढत नाही, ढकलतं. उतरतानाही ते खालीच राहतं आणि डब्याला पाठ देऊन अडवून धरतं. डबा निसटून कुठे जाणार नाही, तो इंजिनावरच टेकलेला आहे. हे कळलं की शेजारच्या बाईंचा गच्च धरलेला हात सैल होतो. उतरताना वाफ वापरत नाहीत. सिलिंडरमध्ये हवा दाबून तिलाच लगाम करतात, आणि ती तापू नये म्हणून पाणी सोडतात. हे सगळं रिगेनबाखांनी बसवलं. डोंगर चढवण्यापेक्षा डोंगर उतरवण्याचा विचार त्यांनी जास्त केला होता, आणि घाट ओळखणाऱ्याला त्यातली जाण लगेच कळते.

गाडी सुटते ती चालत्या माणसापेक्षा थोडी जलद. आधी चेरी आणि अक्रोडाची झाडं, मग गवताची कुरणं, मग एक लहान बोगदा, आणि त्यातून बाहेर पडताच श्नुर्टोबेलची घळ आणि तिच्यावरचा लोखंडी पूल. खाली पाहिलं तर ओढा, समोर पाहिलं तर झाडं तिरकी उगवलेली. झाडं सरळच आहेत, तिरके तुम्ही बसला आहात. डोळ्यांना हे पटायला वेळ लागतो. काल्टबाडला थांबा होतो. काल्टबाड म्हणजे थंड स्नान. इथे कातळांच्या फटीत एक लहान देऊळवजा चर्च आहे आणि बर्फासारख्या पाण्याचा झरा. आगगाडी यायच्या कितीतरी आधीपासून आजारी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी त्यात बुडी मारायला येत. आता बाजूला मोठं हॉटेल झालं आहे, पण झऱ्यापाशी अजून कुणी तरी ओंजळ धरून उभं असतं.

स्टाफेलहोहेला ल्युसर्न प्रांत संपतो आणि श्वीत्स लागतो. १८७१ मध्ये गाडी इथेच थांबायची, कारण पुढची परवानगी दुसऱ्यांच्या हाती होती. माथा समोर दिसत असताना लोक उतरून चालू लागत. १८७३ मध्ये रूळ थेट माथ्याजवळ, कुल्मला पोचले.

कुल्मची उंची १७९८ मीटर. आपल्या कळसूबाईहून दीडशे मीटरनं जास्त, एवढंच. पण कळसूबाईवरून सह्याद्रीचे कडे खाली उतरत जाताना दिसतात, आणि इथे दक्षिणेला आकाश संपायच्या जागी बर्फाची भिंत उभी आहे. टित्लिस, युंगफ्राउ, तोडी, एकामागून एक. पायाशी तळी. मोजणारे तेरा मोजतात. तुम्ही मोजू नका. उत्तरेकडे सपाट होत गेलेला मुलूख धुरकट निळ्यात विरघळतो. आणि मग नजर रॉसबर्गच्या अंगावरच्या त्या लांबट, उघड्या जखमेवर येऊन थांबते. २ सप्टेंबर १८०६ रोजी, ओल्या उन्हाळ्यानंतर, तो उतार सुटला आणि त्यानं गोल्डाउ गाव गाडलं. ४५७ माणसं गेली. नव्वद वर्षांनी त्या ढिगाऱ्यावर झाडं वाढली आहेत. माळीणची दरड ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना इथे दुर्बीण लागत नाही.

माथ्यावरच्या हॉटेलांत लोक सूर्योदयासाठी रात्रीचा मुक्काम करतात. पहाटे लांबलचक लाकडी शिंग वाजतं आणि सगळे पांघरुणं लपेटून बाहेर धावतात. ट्वेननी १८८० सालच्या आपल्या पुस्तकात याचीच गंमत केली होती. वेग्गिसहून रिगी चढायला नायकाला तीन दिवस लागतात, आणि सूर्योदय म्हणून तो जे डोळे भरून पाहतो तो निघतो सूर्यास्त. १८७८ मध्ये ते स्वतः एका मित्राबरोबर हा डोंगर चढले होते. त्यांची लेक सूझी तेव्हा सहा वर्षांची होती.

परतीला गाडी घेऊ नका. पायवाटेनं वेग्गिसला उतरा. ट्वेननी चढलेली वाट हीच. काल्टबाडच्या खाली, रानात, फेल्झेनटोर लागतं. दरडीतून सुटलेला एक प्रचंड कातळ दोन कातळांवर अडकून त्याची कमान झाली आहे. तिच्या खाली उभं राहून हात वर करा आणि दगड चाचपून पाहा. हा एकसंध दगड नाही. गोल गोल गोटे, कुठे अंड्याएवढे, कुठे मुठीएवढे, तांबडे, करडे, पांढरे, एकमेकांत घट्ट रुतलेले. हे नदीचे गोटे आहेत. कुठल्या तरी प्राचीन नदीनं वाहून आणले, गाळात सिमेंटसारखे बसले, आणि मग आल्प्स घडताना उचलले गेले. इथले लोक या दगडाला नागेलफ्लू म्हणतात. नागेल म्हणजे खिळा. गोट्यांची बाहेर आलेली टोकं खिळ्यांच्या माथ्यांसारखी दिसतात म्हणून. नदीचा तळ असा डोक्यावर धरून तुम्ही उभे असता आणि एखादा गोटा बोटाखाली हलतो.

याच गोट्यांच्या आणि मातीच्या डोंगरानं १७९५ च्या जुलैत वेग्गिसवर चिखल सोडला होता. तो धावून आला नाही, सरकत आला, दिवसेंदिवस. माणसांना सामान काढायला वेळ मिळाला, पण घरं वाचवता आली नाहीत. आज त्या उतारावर मळे आहेत. संध्याकाळी तुम्ही त्यांच्या बांधावरून खाली येता तेव्हा गुडघे थरथरत असतात, आणि एक म्हातारी घेवडा खुडता खुडता मान वर करून तुम्हाला ‘ग्र्युएत्सी’ म्हणते. तुम्हीही म्हणा.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या वाचनाच्या खोलीत इंग्रजी वर्तमानपत्रं पडलेली असतील. ती उघडताना मनाची तयारी ठेवा. हा १८९७ चा ऑगस्ट आहे. पुण्यात प्लेगानं घरं ओस पडली आहेत. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला तोही याच ऑगस्टात. पुढच्या महिन्यात दीड वर्षाची शिक्षा होणार आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे, खोलीतल्या कुणालाही नाही. खिडकीबाहेर तळ्यावर चांदणं आहे. आपल्या माणसांच्या घरी आग लागलेली असताना आपण दुसऱ्याच्या अंगणातल्या गारव्यात बसलो आहोत, असं वाटून जीव कासावीस होतो. होऊ द्या. प्रवासात घर विसरायचं असतं हे मला कधी पटलेलं नाही.

मंगळवारी सगळ्यात लांबची सहल, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, फ्ल्युएलेनला. बोटीत डेकच्या मधोमध एक उघडी जागा ठेवलेली असते. तिथून खाली यंत्र दिसतं. तेलानं माखलेले पोलादी दांडे मागेपुढे जातात, तापलेल्या तेलाचा आणि कोळशाचा वास वर येतो, आणि लहान मुलं कठड्याला पोट टेकवून तासन् तास पाहत राहतात. शिखरं पाहायला आलेल्या आया त्यांना हाका मारून थकतात.

फिट्सनाउच्या पुढे दोन्ही काठांचे डोंगर पाण्यात नाक खुपसून एकमेकांकडे येतात. त्यांना ‘नाकं’च म्हणतात. त्यामधून बोट पलीकडे जाते आणि गेर्साउ येतं. मूठभर घरांचं हे गाव, पण १३९० मध्ये त्यानं स्वतःचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलं आणि १७९८ पर्यंत ते स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. ब्रुनेनपाशी तळं एकदम दक्षिणेला वळतं आणि त्याचा स्वभाव बदलतो. आतापर्यंत मळे आणि बागा होत्या. आता कडे. पाण्यातून सरळ वर गेलेले, वरच्या टोकाला बर्फ. पाणी हिरव्याचं गर्द होतं. हे उरीचं तळं. दक्षिणेचा फ्योन वारा याच घळीतून सुटतो. तो सुटला की घटकेत लाटा उसळतात, आणि गावागावांत चुलीच्या विस्तवावरसुद्धा पहारा बसतो, कारण ठिणगी उडाली तर लाकडी गाव राहत नाही. आज तो नाही. आज पाण्यावर चरासुद्धा नाही.

वळणाशी पाण्यातून एक सुळका वर आला आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत कवी शिलरचं नाव कोरलं आहे, टेलचं गाणं गाणारा म्हणून. १८०४ मध्ये ज्याच्या नाटकानं विल्हेल्म टेल जगभर पोचवला तो शिलर स्वित्झर्लंडमध्ये कधी आलाच नव्हता. त्याच्या पलीकडे, झाडांत, उतारावर एक हिरवं कुरण. रुट्ली. १२९१ मध्ये तीन प्रांतांच्या माणसांनी इथे शपथ घेतली असं परंपरा सांगते. टेल खरा होता का, शपथ इथेच झाली का, यावर इतिहासकार वाद घालतात, आणि घालावा. मला या कुरणाची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, आणि ती नि:संशय खरी आहे. १८५९ मध्ये इथे हॉटेल उभं राहायच्या बेतात होतं. तेव्हा देशभरच्या शाळकरी मुलांनी पैसे गोळा केले, आणि त्यातून हे कुरण विकत घेऊन देशाला देण्यात आलं. बोट जवळून जाते तेव्हा तिथे काहीही नसतं. गवत असतं. ते तसंच राहावं म्हणून मुलांनी पैसे दिले होते.

पुढे काठावर टेलचं चर्च, पाण्याला लागून उघडं, आत श्ट्युकेलबेर्गनं रंगवलेली भित्तिचित्रं. वर कड्यात १८६५ चा आक्सेनचा रस्ता आणि १८८२ ची गोथार्ड रेल्वे, बोगद्यांतून डोकावत पळणारी. फ्ल्युएलेनहून आल्टडोर्फला गेलात तर चौकात टेलचा पुतळा दिसेल, खांद्यावर धनुष्य आणि शेजारी मुलगा. बसवून दोनच वर्षं झाली आहेत. बापाचा हात पोराच्या खांद्यावर आहे. परतीच्या बोटीत बराच वेळ तेवढंच डोळ्यांसमोर राहतं.

मुक्कामातल्या एका रात्री अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाच्या परंपरेतले ज्युबिली गायक येतील. जरूर जा. खोलीत गोल टेबलं, बिअरचे मग, जर्मन आणि स्विस माणसं आपसांत बोलत बसलेली. टोकाला सहा कृष्णवर्णी गायक रांगेत बसलेले. त्यांतले तिघे गुलामगिरीत जन्मले आहेत, उरलेल्यांचे आईबाप गुलाम होते. ते उठून उभे राहतात तरी बोलणं थांबत नाही, काचा वाजत राहतात. मग पहिला सूर येतो. कुणी हात उचलत नाही, कुणी मग ठेवत नाही, सगळं आहे तिथे थांबतं. ट्वेन त्या खोलीत आहेत. अमेरिकेनं ज्यांना विकलं त्यांच्याच गळ्यातून अमेरिकेची सगळ्यात अस्सल गाणी आली, असं ते मानतात, आणि त्या रात्रीबद्दल मित्राला सविस्तर पत्र लिहितात.

आणि बुधवार. १८ ऑगस्ट.

गेल्या वर्षी याच दिवशी सूझी गेली. चोवीस वर्षांची. अमेरिकेत, हार्टफर्डच्या त्यांच्या जुन्या घरात, मेंदूज्वरानं. दौरा संपवून वडील इंग्लंडमध्ये थांबले होते, त्यांना तार आली. ती आजारी आहे एवढंच कळून आई आणि क्लारा निघाल्या होत्या. त्या समुद्रात असतानाच ती गेली, न्यूयॉर्कला पोचायच्या आत. देणं फेडायला जग फिरून आलेल्या माणसाला घरी परतायला घरच उरलं नव्हतं. म्हणून ते इथे आले, जिथे रोज बोट येते आणि रोज जाते.

सकाळी धक्क्यावर नेहमीची गर्दी. लोखंडी टोकाच्या काठ्या, दुर्बिणी, डब्यांत बांधलेली न्याहारी, गवती टोप्या. त्यांत एक बाई एकट्या उभ्या आहेत. काळा पोशाख, हातात लहानशी पिशवी. पिशवीत सूझीची पत्रं आहेत. ऑलिव्हिया क्लेमेन्स आज बोटीनं काठावरच्या दुसऱ्या कुठल्या तरी गावी जाणार आहेत आणि दिवसभर एका खानावळीच्या खोलीत बसून ती पत्रं पुन्हा वाचणार आहेत. नवऱ्याला बरोबर घेतलेलं नाही. त्यांचा दिवस वेगळा आहे, झाडाखालचा. तिथे ते लेकीसाठी कविता लिहिताहेत.

‘वेग्गिस!’ फळी लागते. गर्दी पुढे सरकते. त्याही सरकतात. तिकीट दाखवतात, इतरांसारखंच. तुमच्या हातातही आजचं तिकीट आहे. तुम्ही ते खिशात घालता आणि धक्क्यावरच राहता.

आज तुमची सहल नाही. तळ्याच्या काठानं हेर्टेनश्टाइनच्या बाजूला थोडं चाला आणि परत या. अंजिराच्या झाडाखाली बसा. रिगीवर गाडी चढते तिचा पांढरा धूर दुपारभर वर वर जाताना दिसतो. व्हिला ब्यूलेगच्या बाजूला पाहू नका. उन्हं कलतात, आधी पाण्यावरून जातात, मग मळ्यांवरून, आणि शेवटी रिगीचा माथा तेवढा तांबडा राहतो. टर्नर म्हणून इंग्रज चित्रकार होता, त्यानं १८४२ मध्ये हाच डोंगर पहाटेचा निळा आणि संध्याकाळचा तांबडा, असा वेगवेगळा रंगवला. त्याला एका चित्रात तो का मावला नाही ते आता कळतं.

नाकांच्या मधून दिवा दिसू लागतो. संध्याकाळची आगबोट. आधी आवाज नसतो, नुसता दिवा. मग चाकांचा धपधप आवाज पाण्यावरून येतो. हॉटेलांतून माणसं आपापल्या लोकांना घ्यायला धक्क्याकडे येतात, पोरं पुढे पळतात. चाक उलटं फिरतं, फेस चढतो. दोर टाकणारा माणूस ओरडायच्या आधीच तुम्ही वाटेवरून बाजूला होता, पाठ फिरवता आणि मळ्यांच्या बांधानं वर चालू लागता. मागे फळी लागल्याचा आवाज येतो.